‘पृथ्वी थोडक्यात बचावली’ म्हणजे नेमके काय? – जवळून जाणारे लहान लघुग्रह

सड्यावरून | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.१५

खंडेनवमीच्या दिवशी, म्हणजे १ ऑक्टोबरला, सकाळी सहा वाजून सतरा मिनिटांनी मी कोयते, विळे आणि जुनी मोटारसायकल धुऊन पूजेला मांडण्याच्या खटपटीत होतो. त्याच मिनिटाला अंटार्क्टिकाच्या वर सुमारे ४२८ किलोमीटर उंचीवरून एक ते तीन मीटर आकाराचा एक दगड पृथ्वीला ओलांडून निघून गेला. मुंबईपासून पणजी सरळ रेषेत जवळपास ४०० किलोमीटर आहे, यावरून ही उंची किती कमी आहे याची कल्पना यावी. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक साधारण याच उंचीवरून फिरते. या दगडाला ‘२०२५ टीएफ’ असे नाव मिळाले आहे, आणि लघुग्रह शोधणाऱ्या अमेरिकेतील कॅटालिना स्काय सर्व्हेच्या दुर्बिणीला तो दिसला तेव्हा त्याला जाऊन काही तास उलटले होते.

काल एका वृत्तवाहिनीवर या घटनेचे वर्णन ‘पृथ्वी थोडक्यात बचावली’ असे झाले आणि शेजारच्या घरातून मला लगेच विचारणा झाली की हे खरे आहे का. मी ‘नाही’ म्हणालो, पण कारण समजावून सांगताना अडखळलो, म्हणून हा धागा.

माझे म्हणणे असे आहे की या वाक्यातील ‘थोडक्यात’ हा शब्द बरोबर आहे आणि ‘बचावली’ हा चुकीचा आहे. एवढा लहान दगड वातावरणात शिरला असता तर एक तेजस्वी अग्निगोल दिसला असता आणि फार तर काही तुकडे बर्फावर पडले असते. मोटारगाडीएवढा दगड वर्षातून साधारण एकदा वातावरणात शिरतोच आणि बहुतेक वेळा समुद्रावर किंवा ओसाड भूमीवर जळून जातो. अंतर आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा एक मीटरचा दगड ४०० किलोमीटरवरून गेला तर ती कुतूहलाची बाब ठरते, पण एखादा तीनशे मीटरचा दगड त्याच्या शंभरपट दूर असला तरी त्याची कक्षा वर्षानुवर्षे मोजत राहावी लागते. बातमीत मात्र आकडा येतो तो केवळ अंतराचा, किंवा ‘ताशी अमुक हजार किलोमीटर’ अशा वेगाचा. वेग तर सर्वांचाच प्रचंड असतो, त्यामुळे त्यावरून धोक्याविषयी काहीही कळत नाही.

अशी उदाहरणे नवीन नाहीत. १३ नोव्हेंबर २०२० रोजी ‘२०२० व्हीटी४’ हा पाच ते दहा मीटरचा दगड दक्षिण पॅसिफिक महासागरावरून सुमारे ३७० किलोमीटर उंचीने गेला आणि तोही गेल्यानंतर पंधरा तासांनी सापडला. त्याआधी तीन महिने, १६ ऑगस्ट २०२० रोजी, ‘२०२० क्यूजी’ हा तीन ते सहा मीटरचा दगड आपल्याच हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून २,९५० किलोमीटरवरून गेला. तो कॅलिफोर्नियातील पालोमार येथील दुर्बिणीच्या छायाचित्रांत आधी ओळखला तो आयआयटी मुंबईचा विद्यार्थी कुणाल देशमुख आणि त्याच्यासोबत काम करणारी कृत्ती शर्मा यांनी. त्यांनाही तो दिसला तो जवळून गेल्यानंतर सहा तासांनी. पृथ्वीच्या ओढीने त्या दगडाची दिशा तब्बल ४५ अंशांनी वळली होती.

याविषयी येथील जाणकारांनी भर घालावी, आणि माझे कोठे चुकत असल्यास तेही निःसंकोच सांगावे.

बंदरकर | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.०२

धागा आवडला. या आठवड्यात ‘शक्ती’ वादळामुळे आमच्या बंदरातील होड्या आत घेतलेल्या आहेत, त्यामुळे वाचायला वेळही आहे. वादळाची सूचना आम्हांला दोन-तीन दिवस आधी मिळते, ते कोणत्या दिशेने सरकेल याचा नकाशा मोबाईलवर येतो, आणि त्यावर विसंबून आम्ही लाखांचे नुकसान टाळतो. असे असताना एवढ्या दुर्बिणी आणि उपग्रह हाताशी असूनही दगड गेल्यानंतरच सापडतो, हे माझ्यासारख्या माणसाला पटणे कठीण जाते. जो गेल्यावर कळतो, तो आल्यावरही कळणार नाही, असे यावरून वाटते. हा समज चुकीचा असेल तर कृपया स्पष्ट करावे.

केळशीकरीण | ६ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७.३०

बंदरकर, आपला समज पूर्णपणे चुकीचा नाही. वादळ शेकडो किलोमीटर रुंद असते आणि ते सतत आपल्यासमोर असते. हा दगड एका पडवीत मावेल एवढा असतो, त्याला स्वतःचा प्रकाश नसतो, आणि पुष्कळदा त्याचा रंग कोळशासारखा काळपट असतो. त्याच्यावर पडणाऱ्या उन्हाचा जो अल्प भाग परत येतो तेवढाच दुर्बिणीला मिळतो, आणि अंतर दुप्पट झाले की तो प्रकाश चौथ्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे दोन-तीन मीटरचा दगड पृथ्वीच्या अगदी जवळ आल्याखेरीज दिसतच नाही, आणि जवळ आला की त्याचा आकाशातील वेग इतका वाढतो की छायाचित्रात ठिपक्याऐवजी पुसट रेघ उमटते. म्हणजे लांब असताना तो अंधूक असतो आणि जवळ आल्यावर त्याचा प्रकाश रेघेत पसरून जातो. शिवाय जे दगड सूर्याच्या बाजूने येतात ते दिवसाच्या आकाशात असतात आणि जमिनीवरील कोणत्याही दुर्बिणीला ते दिसू शकत नाहीत.

तरीही काही दगड आधी सापडलेले आहेत. पहिला सापडला ६ ऑक्टोबर २००८ रोजी. आज बरोबर सतरा वर्षे झाली. ॲरिझोनातील माउंट लेमन येथून रिचर्ड कोवाल्स्की यांना तो दिसला. त्याचे नाव ‘२००८ टीसी३’, आकार सुमारे चार मीटर. तो पृथ्वीवर आदळणार हे काही तासांतच गणिताने कळले आणि सापडल्यानंतर एका दिवसाच्या आत, ७ ऑक्टोबरला, तो सुदानच्या वाळवंटावर फुटला. पुढे खार्टुम विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी ओळीने वाळवंट चालून त्याचे काळे तुकडे गोळा केले. आकाशात असताना पाहिलेला दगड नंतर हातात आला, असे तोपर्यंत कधीच घडले नव्हते. त्यानंतर २०२४ च्या अखेरीपर्यंत असे आणखी दहा दगड आदळण्यापूर्वी सापडले, आणि त्यांतील चार एकट्या २०२४ मध्ये सापडले: जानेवारीत बर्लिनजवळ, सप्टेंबरात फिलिपिन्समधील लुझॉनवर, ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे आणि डिसेंबरात सायबेरियातील याकुतियावर. दगड वाढलेले नाहीत, नजर सुधारली आहे.

एक सोपी गोष्टही सांगते, कारण शाळेतील मुलांना ती फार आवडते. या नावांमध्ये पंधरवडा दडलेला असतो. वर्षानंतरचे पहिले अक्षर पंधरवडा दाखवते: जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, याप्रमाणे डिसेंबरचा दुसरा वाय. मधले आय हे अक्षर गाळतात. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातील अनुक्रम सांगते. म्हणून ‘२०२५ टीएफ’ म्हणजे ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यातील सहावी नोंद. पंचवीस अक्षरे संपली की पुढे आकडा लागतो.

गणिताचा नाद | ६ ऑक्टोबर २०२५, दुपारी २.१८

‘थोडक्यात’ या शब्दाचेही गणित करून पाहू, म्हणजे त्याचे वजन कळेल.

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. म्हणजे चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या साठपट झाले. चंद्राच्या अंतराएवढ्या त्रिज्येचे एक वर्तुळ काढले आणि त्याच्या मध्यभागी पृथ्वीचे वर्तुळ काढले, तर मोठ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ लहानाच्या साठ गुणिले साठ, म्हणजे ३,६०० पट भरते. दगड कोठूनही कसेही येत असतील तर एक दगड पृथ्वीला लागण्यामागे सुमारे ३,६०० दगड चंद्राच्या अंतराच्या आतून नुसते निघून जायला हवेत. मोटारगाडीएवढा एक दगड दरवर्षी लागतो हे धागाकर्त्यांनी लिहिलेच आहे. म्हणजे त्या आकाराचे हजारो दगड दरवर्षी चंद्राच्या अलीकडून जातात, आणि सगळ्या आकारांचे मिळून आपल्याला वर्षाला सापडतात ते शेकड्याने. बाकीचे कोणाच्याही नकळत जातात, पूर्वीही जात होते.

असे असताना एकेका दगडाची बातमी करणे म्हणजे कोळंबीच्या ढिगातील एकेक कोळंबी मोजून तिचा जाहीर लिलाव करण्यासारखे आहे.

खाडीकाठ | ६ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ५.४५

गणित सुंदर आहे, पण त्यात एक दुरुस्ती सुचवतो. पृथ्वी हे नुसते लक्ष्य नाही, ती ओढतेही. जो दगड सरळ रेषेत गेला असता तर थोडा बाजूने निघून गेला असता, तो ओढीने वळून पृथ्वीला लागू शकतो. त्यामुळे पृथ्वीचे परिणामी वर्तुळ तिच्या खऱ्या वर्तुळापेक्षा मोठे असते. पृथ्वीचा मुक्तिवेग, म्हणजे तिच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. दगड दूर असताना त्याचा पृथ्वीच्या सापेक्ष वेग सेकंदाला १५ किलोमीटर धरला, तर ११.२ ला १५ ने भागून येणाऱ्या उत्तराचा वर्ग करून त्यात एक मिळवायचा. उत्तर सुमारे १.५६ येते. म्हणजे ३,६०० ऐवजी साधारण २,३०० धरावेत. हळू येणाऱ्या दगडांसाठी हा आकडा आणखी खाली येईल. निष्कर्ष बदलत नाही, पण ओढीचा विचार करायलाच हवा.

ओढीचा उलट परिणामही होतो. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून ३,६०० किलोमीटर उंचीने गेलेल्या ‘२०२३ बीयू’ या दगडाला सूर्याभोवती फिरायला आधी ३५९ दिवस लागत होते. त्या एका भेटीनंतर ४२५ दिवस लागू लागले. एका भेटीत त्याचे वर्ष दोन महिन्यांहून अधिक लांबले, आपले मात्र सेकंदानेही हलले नाही.

गणिताचा नाद | ६ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ६.१०

दुरुस्ती मान्य. घाईत ओढ विसरलो.

विलायती चाफा | ६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.२०

आपण सगळे फारच निश्चिंत दिसता, म्हणून विचारते. माझे माहेर अलिबागजवळ आहे आणि सासर मुंबईत आहे. या वर्षी फेब्रुवारीत ‘२०२४ वायआर४’ नावाचा लघुग्रह २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळू शकतो, आणि आदळलाच तर ज्या पट्ट्यात आदळेल त्यात अरबी समुद्र आणि भारतही येतो, असे वाचले होते. आधी एक टक्का सांगितले, मग दोन, मग तीन. दर दोन-तीन दिवसांनी आकडा वाढत होता. मग एका आठवड्यात सगळे एकदम शून्यावर आले. आमच्या घरात तेव्हा दोन मते पडली. वडील म्हणाले की शास्त्रज्ञांना काहीच कळत नाही, आणि भाऊ म्हणाला की खरी माहिती दडपली. मला दोन्ही पटले नाही, पण तिसरे काय ते सांगताही आले नाही. आकडा वाढत वाढत जाऊन अचानक कसा कोसळतो?

सड्यावरून | ७ ऑक्टोबर २०२५, रात्री १२.२०

चाफाताई, हा प्रश्न या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा आहे. कोजागरीचे दूध पिऊन झाले आहे आणि आकाश ढगाळ असल्याने चंद्र काही दिसत नाही, तेव्हा सविस्तर लिहितो.

आपण कोकणातले असल्यामुळे याचे उत्तर आपल्या अनुभवातच आहे. जून २०२० मधील ‘निसर्ग’ आठवा. हवामान खाते वादळाचा जो नकाशा काढते त्यात वादळाच्या आजच्या जागेपासून पुढे रुंदावत जाणारा एक शंकू असतो. तो वादळाची रुंदी दाखवत नाही. वादळाचा मध्य कोठे असू शकेल याविषयीचे आपले अज्ञान तो दाखवतो. पहिल्या दिवशी त्या शंकूत हरिहरेश्वरपासून दमणपर्यंतचा सगळा किनारा होता. त्या वेळी एकट्या श्रीवर्धनच्या वाट्याला आलेली शक्यता कमी होती, कारण ती अनेक गावांत वाटली गेली होती. शंकू जसजसा अरुंद झाला तसतशी पालघर, डहाणू ही गावे बाहेर पडली आणि आत राहिलेल्यांची शक्यता वाढत गेली. शेवटी ३ जूनला वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढले. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ आले तेव्हा मात्र ते आपल्या किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत गेले. झाडे आपलीही पडली, पण वादळाचा मध्य आपल्यावर आला नाही.

लघुग्रहाचेही असेच होते. ‘२०२४ वायआर४’ हा चिलीमधील ॲटलास दुर्बिणीला २७ डिसेंबर २०२४ रोजी सापडला, म्हणजे पृथ्वीच्या जवळून गेल्यानंतर दोन दिवसांनी. थोड्याच दिवसांच्या निरीक्षणांवरून त्याची कक्षा काढायची आणि ती पुढे आठ वर्षे वाढवत २२ डिसेंबर २०३२ पर्यंत न्यायची, तर सुरुवातीची केसाएवढी चूकही तोपर्यंत लाखो किलोमीटरची होते. म्हणजे त्या दिवशी तो लघुग्रह एका लांबच लांब पट्टीवर कोठेही असू शकत होता आणि त्या पट्टीवर कोठेतरी पृथ्वीचा ठिपका होता. पृथ्वीचा वाटा भागिले पट्टीची लांबी, ही झाली शक्यता. निरीक्षणे वाढली तशी पट्टी आखूड झाली, पण पृथ्वी तिच्यावरच राहिली. पट्टी लहान झाली आणि पृथ्वी तेवढीच राहिली, म्हणून पृथ्वीचा वाटा वाढला. २९ जानेवारीला एक टक्क्याची मर्यादा ओलांडल्याची आंतरराष्ट्रीय सूचना निघाली. १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ टक्क्यांवर गेला, आणि त्याच आठवड्यात पट्टीचे टोक पृथ्वीवरून सरकले. टोक सरकले की वाटा उरत नाही. २४ फेब्रुवारीच्या सुमारास आकडा ०.००४ टक्क्यांवर आला.

या संपूर्ण काळात तो दगड आपल्या मार्गाने निमूटपणे जात होता. त्याच्या मार्गात काहीही बदल झाला नाही. बदलले ते आपले ज्ञान. म्हणून वडिलांचे म्हणणे बरोबर नाही, कारण शास्त्रज्ञांना प्रत्येक टप्प्यावर जेवढे कळत होते तेवढेच त्यांनी सांगितले. आणि भावाचेही बरोबर नाही, कारण दडपायचे असते तर ३.१ हा आकडा प्रसिद्धच झाला नसता. वाढत जाऊन कोसळणे ही अशा आकड्यांची नेहमीची चाल आहे. ‘अपोफिस’ या दुसऱ्या लघुग्रहाच्या बाबतीत डिसेंबर २००४ मध्ये हेच घडले होते, तो आकडा २.७ टक्क्यांपर्यंत चढला आणि उतरला.

‘वायआर४’ सुमारे साठ मीटरचा आहे, हे जेम्स वेब दुर्बिणीच्या अवरक्त (उष्णता टिपणाऱ्या) निरीक्षणांतून कळले. पृथ्वीचा प्रश्न मिटल्यावर जून २०२५ मध्ये तो चंद्रावर आदळण्याची शक्यता ४.३ टक्के काढली गेली. हा आकडाही पुढच्या निरीक्षणांनी हलेल, तेव्हा हा शंकू आठवावा.

बंदरकर | ७ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८.०५

शंकूचे उदाहरण आमच्या लोकांना तत्काळ समजेल. ‘निसर्ग’च्या वेळी मी स्वतः तो नकाशा दर तीन तासांनी पाहत होतो आणि आमचे बंदर त्यातून बाहेर पडले तेव्हा सुटकेबरोबर थोडी शरमही वाटली होती, कारण दुसऱ्या कोणाचे तरी आत राहिले होते.

आता एक सरळ प्रश्न. असा साठ मीटरचा दगड अरबी समुद्रात पडला, तर सुनामी येईल का? आमच्याकडे जुनी माणसे १९४५ च्या लाटेविषयी ऐकलेल्या गोष्टी सांगतात.

खाडीकाठ | ७ ऑक्टोबर २०२५, दुपारी १२.४०

१९४५ ची लाट खरी होती. नोव्हेंबरच्या शेवटी मकरान किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानलगत, मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत पोहोचून माणसे दगावली. भूकंपाच्या सुनामीत समुद्राचा तळच शेकडो किलोमीटर लांबीवर उचलला जातो, त्यामुळे वरपासून खालपर्यंतचे सगळे पाणी एकदम ढकलले जाते.

साठ मीटरचा दगड तसे काही करत नाही. दगडी जातीचा असेल तर तो बहुधा पाण्यापर्यंत अखंड पोहोचतच नाही, हवेतच फुटतो. १९०८ मध्ये सायबेरियात तुंगुस्का येथे असेच घडले. सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर जंगल आडवे झाले, पण विवर पडले नाही. हवेतील स्फोटाचा धक्का पाण्याला वरवर ढवळतो, खोलपर्यंत फारशी ऊर्जा जात नाही, आणि ज्या लाटा उठतात त्या लवकर विरतात. स्फोटाच्या खाली सापडलेल्या होडीची गोष्ट वेगळी, तिला वाऱ्याच्या झोताचाच धोका असेल. किनाऱ्यावरील गावांना मात्र सुनामीची भीती बाळगायची असेल तर ती मकरानची बाळगावी. त्यासाठी हैदराबाद येथील केंद्र २००७ पासून सूचना देते.

ठाम शंका | ७ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३.३०

लहान दगडांनी काही होत नाही, मोठे बहुतेक सापडलेले आहेत, सुनामीही येत नाही. मग एवढा खर्च आणि एवढी चर्चा कशासाठी? आमच्या गावाला उन्हाळ्यात टँकरने पाणी येते. मला खरोखर जाणून घ्यायचे आहे, टोमणा मारायचा नाही.

केळशीकरीण | ७ ऑक्टोबर २०२५, रात्री ८.५०

टोमणा वाटला नाही. पाण्याचा प्रश्न आमच्याकडेही आहे आणि तो दुर्बिणीच्या पैशांतून सुटणारा नाही, एवढेच म्हणते.

अडचण मधल्या आकारांची आहे. वीस मीटरपासून दीडशे मीटरपर्यंतचे दगड शहराचे नुकसान करू शकतात, पण त्यांतील फारच थोडे सापडलेले आहेत. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे वीस मीटरचा दगड तीस किलोमीटर उंचीवर फुटला. त्याच दिवशी दुसरा एक लघुग्रह २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता आणि जगातील सगळ्या दुर्बिणी त्याच्याकडे लागलेल्या होत्या. चेल्याबिन्स्कचा दगड सूर्याच्या बाजूने आला आणि कोणालाही दिसला नाही. सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, पण दगडाचा तुकडा लागून नव्हे. आकाशात लखलखाट झाला तेव्हा लोक पाहायला खिडकीशी धावले, आणि दोनेक मिनिटांनी धक्क्याची लहर पोहोचली तेव्हा काचा त्यांच्या अंगावर फुटल्या.

आपण वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजतो. तेथेही तेच करायला हवे होते: प्रकाश दिसताच खिडकीपासून दूर होऊन थांबायचे. ही माहिती द्यायला एक रुपयाही लागत नाही आणि मी ती दरवर्षी वर्गात देते.

सूर्याच्या बाजूने येणाऱ्यांसाठी नासाची अवकाशातून अवरक्त प्रकाशात पाहणारी ‘निओ सर्व्हेयर’ दुर्बीण २०२७ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. आणि सापडलेला दगड ढकलता येतो हेही आता करून पाहिलेले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फोस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर आदळवले गेले आणि त्याचा आपल्या मोठ्या सोबती लघुग्रहाभोवतीचा सुमारे बारा तासांचा फेरा अर्ध्या तासाने कमी झाला. वादळ असे ढकलता येत नाही.

जांभ्या दगड | ८ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०.१५

थोडी वेगळी बाजू मांडतो, पण विषय सोडत नाही. मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो. आमच्या राजापूर-देवगड भागातील सड्यांवर सापडलेले ‘आकाशातून पडलेले दगड’ लोक मला दाखवायला आणतात. गेल्या पंधरा वर्षांत असे चाळीस तरी दगड पाहिले असतील आणि त्यांतील एकही अशनी नव्हता.

यात लोकांचा दोष नाही. जांभ्यात लोह भरपूर असते, उन्हापावसाने त्याच्यावर काळी, चकचकीत साल येते, काही तुकडे लोहचुंबकालाही किंचित चिकटतात. खऱ्या अशनीवर वातावरणात वितळून झालेला पातळ काळा थर असतो, आतील भाग बहुधा फिकट असतो आणि त्यात धातूचे बारीक कण चमकतात. अंगावर भोके असलेला दगड तर जवळजवळ नक्कीच आपला जांभाच असतो. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात पडलेला अशनी गंजून मातीमोल होतो, म्हणून पडल्या पडल्या सापडला तरच उपयोग. २२ मे २०१२ रोजी नागपूरजवळ काटोल येथे पडलेले तुकडे लगेच गोळा झाले म्हणून त्यांचा अभ्यास होऊ शकला. आपल्याकडे असे काही खरोखर सापडले तर ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे द्यायचे असते. देव्हाऱ्यात ठेवायचे नसते आणि विकायचेही नसते.

आकाशात दिसलेला प्रत्येक जळता गोळा दगडाचाच असतो असेही नाही. २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भापासून खानदेशापर्यंत लोकांनी आगीची रांग पाहिली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचे मोठे कडे पडले. तो चिनी रॉकेटचा परतलेला भाग असल्याचे अभ्यासकांनी सांगितले. ओळखायची खूण म्हणजे वेग. दगड सेकंदाला बारा, पंधरा, वीस किलोमीटरने येतो आणि दोन-चार सेकंदांत संपतो. रॉकेटचा तुकडा आठापेक्षा कमी वेगाने जवळजवळ आडवा येतो आणि मिनिटभर दिसत राहतो.

विलायती चाफा | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.००

सड्यावरून यांचे उत्तर वडिलांना वाचून दाखवले. ‘निसर्ग’चा उल्लेख येताच ते ऐकायला बसले, कारण त्या वादळात आमच्या वाडीतील सतरा पोफळी एका तासात आडव्या झाल्या होत्या. आता त्यांचा प्रश्न असा आहे की २०२९ मध्ये जो मोठा येणार म्हणतात, तो कोकणातून दिसेल का.

बंदरकर | ८ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.२५

माझाही त्याला जोडून प्रश्न. एवढा मोठा दगड इतक्या जवळून गेला तर भरतीवर परिणाम होईल का? आमच्याकडे आत्ताच कोणीतरी त्या दिवशी मोठे उधाण येणार असल्याचा निरोप फिरवला आहे.

सड्यावरून | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.४०

दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र देतो.

२०२९ मध्ये येणारा तो मोठा म्हणजे ‘अपोफिस’, सुमारे साडेतीनशे मीटरचा. तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे दूरदर्शनचे उपग्रह असतात त्याच्याही आतून जाईल. वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराची आहे. तो आदळणार नाही, आणि निदान पुढची शंभर वर्षे तरी नाही, हे २०२१ मधील रडारच्या मोजणीने नक्की झाले आहे. तो ऑस्ट्रेलियाकडून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेवर आणि मग अटलांटिकवर जाईल. सर्वांत जवळ असेल तेव्हा तो अटलांटिकवर, म्हणजे आपल्या क्षितिजाखाली असेल. त्याआधीच्या तासांत, हिंदी महासागरावरून जाताना, तो आपल्या आकाशात असेल आणि एका मंद ताऱ्यासारखा इतर ताऱ्यांमधून पश्चिमेकडे सरकताना दिसेल. त्या रात्री अमावस्या असल्यामुळे चांदण्याचा अडथळा नाही. गावातील दिव्यांपासून दूर, सड्यावर जावे आणि सोबत द्विनेत्री दुर्बीण ठेवावी. वडिलांना सांगावे की आपल्यासाठी तो समुद्राच्या बाजूलाच मावळेल.

आता उधाण. बंदरकर, निरोप फिरवणाऱ्याचे म्हणणे एका अर्थी खरे ठरेल, कारण अमावस्येला उधाण असतेच. अपोफिसचे वस्तुमान सुमारे सहा कोटी टन आहे. तो चंद्राच्या दहापट जवळ येईल, आणि भरतीची ओढ अंतराच्या घनाने वाढत असल्यामुळे हजारपट फायदा त्याला मिळेल. पण चंद्र त्याच्यापेक्षा एक लाख कोटीहूनही अधिक पट जड आहे. हिशेब केला तर अपोफिसची ओढ चंद्राच्या ओढीच्या एक अब्जांशाहूनही कमी भरते. आपल्याकडे अमावस्येला पाणी दोन-अडीच मीटर चढत-उतरत असेल, तर त्यात अपोफिसचा वाटा मीटरच्या अब्जांशात मोजावा लागेल. होडी नेहमीच्या अमावस्येला जेवढी वर ओढता तेवढीच ओढावी.

बंदरकर | ९ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.१०

निरोप फिरवणाऱ्याला हाच हिशेब पाठवला आहे. वादळ पश्चिमेकडे सरकून विरले, उद्या पहाटे होड्या बाहेर पडतील.